हिरा, पाय टेकतात का गं?

हिरा, काल पार्किंगमध्ये अख्खी बिल्डिंग जमली होती तुझ्यासाठी. सतरंज्या घातल्या, म्हाताऱ्यांना खुर्च्या मांडल्या, तुझा तो हिरव्या लुगड्यातला फोटो स्टुलावर ठेवला. सगळे म्हणाले, शैलाताई, तुम्हीच बोला, तुम्ही तिच्या सगळ्यात जवळच्या. मी उभी राहिले. घरून चांगली चार वाक्यं ठरवून गेले होते, दिवंगत वगैरे. आणि तोंडातून निघालं काय, तर "हिराचे पाय कधी जमिनीला टेकायचे नाहीत."

मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कुणी. आणि मग गं बाई, पदर आणि रुमाल तोंडाला लावून सगळी बिल्डिंग हसायला लागली, तुझ्या फोटोसमोर! तुझी सून रंजना तर रडता रडता इतकी हसली की तिला उचकी लागली, पाणी द्यावं लागलं. तिसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेलं जोडपं मात्र एकमेकांकडे बघत होतं. ही कसली माणसं, असंच म्हणाले असतील मनात.

त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! त्यांनी तुला त्या कट्ट्यावर बसलेली धड पाहिलीही नाही. आपल्या जिन्याला लागून तो काळ्या फरशीचा कट्टा आहे ना, तो बिल्डिंगच्या अंगाचाच भाग. बिल्डिंग उभी आहे खोल खडकापर्यंत गेलेल्या खांबांवर, त्यामुळे ती जागची हलत नाही, आणि कट्टाही हलत नाही. खालचं अंगण मात्र वर्षागणिक खाली जातंय. आपण राहायला आलो तेव्हा तू त्या कट्ट्यावर बसलीस की तुझे तळवे लादीवर सपाट टेकायचे. काही वर्षांनी नुसते चवडे टेकायला लागले. मग अंगठे. आणि शेवटी शेवटी तू शाळेतल्या पोरीसारखी पाय झुलवत बसायचीस आणि वर मलाच ऐकवायचीस, "जमीन नाय गो खचत. मीच आटतंय. म्हातारपनी मानूस आटतं."

अख्ख्या वसाहतीत जमीन किती खचली याचं माप तुझ्या पायांनी घेतलं जात होतं, आणि तुला एकटीलाच ते मान्य नव्हतं. धन्य आहे तुझी.

आपली पहिली भेट आठवते? मला तर काल घडल्यासारखी आठवते, कारण त्या दिवशी तू माझी अब्रू काढली होतीस. आम्ही नुकतेच ठाण्याहून आलो होतो. नवी बिल्डिंग, नवा रंग, नळाला मात्र पाणी नाही. दिवसाआड टँकर यायचा आणि सगळे बादल्या, कळश्या, घमेली, मिळेल ते घेऊन खाली धावायचे. मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेडफोन लावून बसलेली बाई. बादली घेऊन निघाले ती जिन्यापर्यंत पोचताना अर्धी सांडली, साडी भिजली, चप्पल निसटली. तू डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, हात मोकळे, अशी माझ्या बाजूने ऐटीत निघून गेलीस. वर जाता जाता म्हणालीस, "टेलिफोनवाली, पानी घरात न्यायचं असतं. जिन्याला पाजायचं नसतं."

मला इतका राग आला होता! संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, खाली एक बाई आहे, भयंकर फटकळ. दुसऱ्या टँकरला तीच फटकळ बाई माझी बादली माझ्याआधी भरून ठेवून उभी. मी "थँक्यू हिराबाई" म्हटलं तर म्हणालीस, "बाई कं बोलतंस, हिरा बोल." तेव्हापासून मी तुला अगं-तुगं करायला लागले, ते आजतागायत.

ही जागा मूळची तुमचीच. खाडीकाठची भाताची खाचरं आणि मिठागरं गेली, बदल्यात हा प्लॉट मिळाला, त्यावर बिल्डिंग झाली आणि तुम्हाला पहिल्या मजल्यावर घर. तू सांगायचीस, गावातल्या विहिरी सगळ्या मचूळ, गोड्या पाण्यासाठी शेजारच्या गावापर्यंत चालत जायचं. लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून ते गुडघे बोलायला लागेपर्यंत. एकदा कट्ट्यावर बसल्या बसल्या तू माझं बोट धरून आपल्या टाळूवर ठेवलंस. चुंबळ ठेवून ठेवून तिथले केस विरळ झाले होते. "बघ," म्हणालीस, "इतं पानी बसायचं." मग लगेच हसलीस, पण मी काही हसले नाही. त्या दिवशी मला कळलं की या बिल्डिंगमध्ये कुठल्याही बाईच्या डोक्यावर हंडा चढू द्यायचा नाही, हे तू मनाशी पक्कं केलंय.

आणि मग तू बोअर आणलीस. आणलीस म्हणजे काय, सोसायटीच्या मागे हात धुऊन लागलीस. पाणी शोधायला गावाकडचा पाणाड्या आणलास. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून कंपाउंडभर फिरला, आम्ही सगळे त्याच्या मागे मिरवणुकीसारखे. दुसऱ्या मजल्यावरच्या देसाईंच्या स्कूटरपाशी नारळ उभा राहिला. देसाई म्हणाले, "अहो, जरा बाजूला बघा ना, ही माझी पार्किंगची जागा आहे." तू म्हणालीस, "पानी तुमच्या स्कूटरला इचारून येनार काय?" पळस्प्याकडून यंत्राची गाडी आली, दिवसभर नुसता धडधडाट, खिडक्यांची तावदानं थरथरायची. संध्याकाळी कारंज्यासारखा चिखल उडाला तो थेट देसाईंच्या नव्या धुतलेल्या स्कूटरवर. मग पाणी स्वच्छ झालं. तू ओंजळीत घेतलंस, डोळे मिटून चाखलंस आणि ओरडलीस, "गोडं हाय! गोडं हाय गो!"

खाडी हाकेच्या अंतरावर, आणि आपल्या अंगणात गोडं पाणी. तू खण, नारळ, तांदूळ आणून त्या लोखंडी पाइपची ओटी भरलीस आणि बोअरला नाव ठेवलंस, बाय. म्हणजे लेक. "माजी बाय" म्हणायचीस. पंपाच्या खोलीची किल्ली त्या दिवसापासून तुझ्या कमरेला. उन्हाळ्यात पाहुणे आले की रुबाबात म्हणायचीस, आंगोल करा, बाय हाय आपली. मी तरी कशाला खोटं बोलू, त्या दिवशी मीही तुझ्याबरोबर फुगडी घातली होती. कितीतरी दिवसांनी मनसोक्त केस धुतले होते.

पुढची काही वर्षं मजेत गेली, नळालाही थोडंफार पाणी यायला लागलं. मग एका पावसाळ्यानंतर अंगणाच्या लाद्या आणि बिल्डिंगची भिंत यांच्यामध्ये फट दिसायला लागली. आधी बोट जाईल एवढी. मग त्यातून चेंडू जायला लागले. मग एका मांजरीने तिथे खाली आपला संसार थाटला. जिन्याच्या पहिल्या पायरीखाली एक नवीन पायरी उघडी पडली, जी बांधलीच नव्हती कुणी. देसाईंची स्कूटर रॅम्पवरून चढेना, ते रोज खाली उतरून ढकलायचे आणि रोज तुझ्या पाणाड्याचा उद्धार करायचे.

सगळे घाबरले, बिल्डर पळाला, आता बिल्डिंग पडणार. तू मात्र कट्ट्यावर बसून सुपारी कातरत होतीस. म्हणालीस, "बांध बसला. यवढंच ना?"

मला तेव्हा बांध म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तूच सांगितलंस. तुमच्या गावाला खाडीचं खारं पाणी भाताच्या खाचरात येऊ नये म्हणून लांबच लांब मातीचा बांध. तो चिखलावर उभा, म्हणून दरवर्षी बसायचा. आणि दरवर्षी थंडीत, भात घरात आलं की, प्रत्येक घरातून एकेक माणूस निघायचा आणि सगळा गाव मिळून बांधावर माती टाकायचा. कुणी आलं नाही तर त्याच्या दारात जाऊन हाळी द्यायची. आजी-पणजीच्या काळापासून हे असंच. "बांध बसतोच," तू म्हणालीस. "मानसानं नाय बसायचं."

आणि खरोखर थंडी पडल्यावर तू घरोघर फिरलीस. तुझा जनार्दन द्रोणागिरीला गोदामात कामाला, त्याच्या ओळखीच्या डंपरने नेऱ्याकडच्या डोंगरातला मुरूम आणला. घरटी एक माणूस. बँकेतले साहेब, कॉलेजातल्या मॅडम, देसाई, सगळे हातात घमेली घेऊन रांगेत. तू मधोमध उभी राहून हुकूम सोडत होतीस, "ओ देसाई, घमेलं असं धरतात का? बाल हाय का तो?" दुपारी मागच्या मोकळ्या जागेत पोपटी लावलीस. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, भांबुर्डीचा पाला, वरून पेटवलेल्या गवताचा जाळ. आमच्यासारख्यांसाठी वेगळं मडकं, बाकीच्यांसाठी कोंबडीचं. मडकं उघडल्यावर जो वास सुटला, त्याने शेजारच्या बिल्डिंगमधली माणसंसुद्धा "काय मदत हवी का?" विचारत आली!

झालं, तेव्हापासून दरवर्षी आपल्या बिल्डिंगचा तोच सण. गणपतीला वर्गणीसाठी मागे लागावं लागायचं, माती टाकायला मात्र न बोलावता हजर. अंगण भरायचं, लाद्या पुन्हा बसवायच्या, पोपटी खायची. तुझे पाय थोडे दिवस टेकायचे. पुढच्या दिवाळीपर्यंत पुन्हा अधांतरी.

मीच पहिल्यांदा म्हटलं, हिरा, ही बाय काहीतरी करतेय. आधी जमीन बसत नव्हती, बोअर आली आणि बसायला लागली. तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू मी तुझ्या पोटच्या पोरीला नावं ठेवली. म्हणालीस, "भराव हाय हा. खाडीवरचा भराव. तो बसनारच. बायचं नाव घेऊ नको." आणि दोन दिवस कट्ट्यावर आली नाहीस. तिसऱ्या दिवशी आलीस ती तांदळाच्या भाकऱ्या घेऊन, आणि बसता बसता पुन्हा सुरू, "भरावच हाय."

केवढ्या भांडलो गं आपण! वर्षानुवर्षं. लोक संध्याकाळी फिरायला जाताना मुद्दाम कट्ट्यापाशी रेंगाळायचे. मी म्हणायची बोअर, तू म्हणायचीस भराव. मी म्हणायची तुझे पाय बघ, तू म्हणायचीस माझं वय बघ. एकदा तर तू पैज लावलीस आणि जनार्दनला भिंतीपाशी उभं राहून तुझी उंची मापायला लावलीस, आटल्याचा पुरावा म्हणून. तू सूतभरही आटली नव्हतीस. तर म्हणालीस, टेपच खोटी.

शेवटी मी माझ्या भाचीला, मुक्ताला बोलावलं. ती बिल्डिंगच्या पायाच्या कामाची इंजिनियर, मातीच अभ्यासते. आली, फटीत वाकून पट्टी घालून बघितलं, बोअरमध्ये दोरी सोडून पाणी कुठे आहे ते बघितलं. मग आपल्यामध्ये कट्ट्यावर बसून म्हणाली, "मावशी, खाली खाडीचा जुना चिखल आहे. त्यात पाणी भरलेलं आहे म्हणून तो फुगून आहे. पाणी खालून ओढलं की तो दबतो. भिजवलेले पोहे पिळल्यावर होतात ना, तसं. आणि वरून तुम्ही दरवर्षी डंपरभर मुरूम टाकता, म्हणजे पिळायला आणखी एक हात लावता."

तू विचारलंस, "म्हंजे हिची बी चूक आनि माजी बी?"

"तुम्ही दोघी बरोबर आहात," ती म्हणाली. "बोअरही आणि भरावही."

"ही पोरगी पुढारी होनार," तू म्हणालीस. पण मग मान खाली घालून सुपारी कातरायला लागलीस. मुक्ताने बिचारीने भीत भीत पुढे सांगितलं की गावचा बांधही दरवर्षी बसायचा, त्याला वरचं ओझंही थोडं कारण असणार. मला वाटलं आता भडका उडणार. तू सुपारी तोंडात टाकलीस आणि शांतपणे म्हणालीस, "आनि माती नसती टाकली तर? खारं पानी भातात. मंग खायचं काय, तुजी पट्टी?" मुक्ता हसून म्हणाली, "हेही बरोबर." मग तिने सांगितलं, उपसा थांबवा, माती टाकणं थांबवा, आणि पावसाचं गच्चीवरचं पाणी पाइपने बोअरमध्ये सोडा, जमिनीची तहान थोडी तरी भागेल. तू तिला जेवायला वाढलंस, तिला मासे चालतात कळल्यावर बांगड्याचं कालवण आग्रह करकरून घातलंस, जाताना तिच्या कपाळाला कुंकू लावलंस. आणि ती फाटकाबाहेर पडल्या पडल्या मला म्हणालीस, "बाय बंद होनार नाय."

मला कळत होतं गं, कशासाठी ते. भांडताना मी बोलून दाखवलं नाही, पण कळत होतं. तुला बोअर बंद झालेली दिसत नव्हतीच, तुला पुन्हा बाया डोक्यावर हंडे घेऊन जिना चढताना दिसत होत्या.

मग या पावसाळ्यानंतर अंगणाखालची सांडपाण्याची नळी तुटली. बिल्डिंग जागेवर, जमीन खाली, नळी मधल्या मधे मोडली. पार्किंगमध्ये जे काही वर आलं त्याचं वर्णन स्मृतिलेखात करत नाहीत. देसाईंची स्कूटर अर्थातच त्याच्या मधोमध. सगळे नाक धरून पळाले, तू आणि मी झाडू घेऊन उभ्या. त्याच आठवड्यात ठरलं की रविवारी मीटिंग घ्यायची आणि बोअरचा एकदाचा निकाल लावायचा. नळ दुरुस्त करणारा म्हणाला होता, उपसा असाच राहिला तर ही नळी जोडत बसा, पुढच्या वर्षी पुन्हा तुटणार. पण मीटिंगमध्ये काय होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या बाजूला तुझा हात, त्या बाजूला बिल्डिंग. तुझी पोपटी खाल्लेली माणसं होती सगळी.

शुक्रवारी संध्याकाळी कट्ट्यावर आपलं शेवटचं भांडण झालं. शेवटचं आहे हे माहीत असतं तर मी जरा बरे मुद्दे काढले असते. तू म्हणालीस, "आपलीच बाय बंद करून काय होनार? आजूबाजूच्या सगल्या बिल्डिंगी वढतात." मी म्हटलं, "कुणीतरी आधी थांबायला नको?" तू म्हणालीस, "आनि उन्हाल्यात नल आटला, टँकर आला, मंग पानी कोन आनंल वर? रंजना? का ती तिसऱ्या मजल्यावरची पोटुशी पोर?"

मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "मी आणीन."

तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंस आणि जी हसत सुटलीस! "तू? तू आनशील? जिन्याला पाजशील सगलं!" हसता हसता कट्ट्यावरून घसरायला लागलीस. पाय टेकत नव्हते ना, मग दरवेळी उतरायला तुला माझा हात लागायचा. "उतरव गो टेलिफोनवाली," म्हणालीस. मी हात दिला. तू उतरलीस, लुगडं झटकलंस, आणि अजून हसत हसत जिना चढून गेलीस. तुझा हात माझ्या हातात आला तो तेव्हा शेवटचा. खरखरीत, गरम, सुपारीचा वास असलेला.

शनिवारी दुपारी जेवून आडवी झालीस आणि उठलीच नाहीस. रंजना चहाला हाक मारायला आली तेव्हा कळलं. कुणाला त्रास नाही, काही नाही. मी तुझ्यावर रागावले, खरंच रागावले. मीटिंगच्या आदल्या दिवशी कुणी असं जातं का?

आता कालचं ऐक. लोकांचं हसणं थांबलं, मी डोळे पुसत बसले, आणि तुझा जनार्दन उठला. तो काही बोलणारा नव्हे, तुला माहीत आहे. फोटोकडे बघत म्हणाला, "शुक्रवारी रातचं जेवताना आई बोलली, रविवारी आपल्या घराचा हात बोअर बंद करायला वर करायचा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"शैलामावशीला सांगू नको बोलली," तो पुढे म्हणाला, "लई उडंल ती." आता लोक पुन्हा हसायला लागले. "आनि बोलली, बायला उपाशी ठेवायचं नाय, गच्चीचं पावसाचं पानी तिच्यात सोडायचं. आनि बंद झाली की टँकरची पयली कळशी शैलानं आनायची, आमच्या दारात. डोक्यावरनं."

हिरा! हरायला तयार होतीस आणि मला सांगितलं नाहीस! एवढी वर्षं तुझ्याशी घसा फोडला आणि जिंकले तेव्हा तू समोर नाहीस. असं जिंकून काय करू मी? तिथल्या तिथे सगळ्यांनी हात वर केले. देसाईंनी दोन्ही. जनार्दनने किल्ली आणली आणि पंप बंद केला. तो आवाज थांबला तेव्हा कळलं की इतकी वर्षं तो आपल्या कानात होता. मला रडू आवरेना. बोअर बंद व्हावी म्हणून मीच भांडले, आणि ती बंद झाल्यावर सगळ्यात जास्त मीच रडले. रंजना मला थोपटत होती, जसं काही माझीच आई गेली.

आणि आज सकाळी टँकर आला, बोअरशिवाय नळाचं पाणी पुरणार नव्हतंच. बिल्डिंगची सगळी माणसं गॅलऱ्यांमध्ये, जशी काही क्रिकेटची मॅच. रंजनाने तुझी पितळी कळशी दिली, तुझी जुनी चुंबळ दिली. मुक्ताने फोनवर सांगितलं, मावशी, अर्धीच भर. मी म्हटलं, अर्धी भरली तर हिरा वरून टोमणा मारेल. पूर्ण भरली. दोन शेजारणींनी उचलून डोक्यावर दिली. मान अशी आत गेली म्हणून सांगू, मला वाटलं आता मीच आटले. ती पहिली उघडी पडलेली पायरी, गुडघ्याएवढी उंच, तिच्यावर पाय टाकला आणि एक लाट माझ्या पाठीवरून खाली. देसाई ओरडले, "सांभाळून!" दुसरी लाट वळणावर. तुझ्या दारात कळशी टेकवली तेव्हा ती निम्मी होती, आणि जिन्यावर पाणीच पाणी. रंजनाने वाकून नमस्कार केला. मी म्हटलं, बाळा, त्या पाण्याला कर, मी काही इतकी मोठी नाही.

हो, जिन्याला पाजलं. तुझं म्हणणं खरं झालं. पण वर आणलं की नाही? बाकीचं रोज कोण आणणार ते ठरलंय. घरटी एक माणूस, पाळीपाळीने, म्हाताऱ्यांच्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या पोरीच्या घरी. तुझ्या बांधासारखंच. बाया एकट्या नाहीत, पुरुषही आहेत, देसाईंचं नाव सगळ्यात वर मीच घातलंय. तू घाबरू नकोस. एकाही बाईच्या टाळूवरचे केस मी जाऊ द्यायची नाही.

मातीचंही ठरलं. यंदापासून अंगणात मुरूम टाकायचा नाही, ओझं वाढवायचं नाही. पोपटी मात्र होणार, वेगळ्या निमित्ताने. ठराव मीच मांडला आणि मीच वाचून दाखवला. पंपाच्या खोलीमागे गेल्या वर्षीचा नेऱ्याचा मुरूम थोडा उरलेला आहे, तोही देऊन टाकायचा म्हणाले.

आणि मग दुपारी, सगळे झोपलेले असताना, मी एक घमेलं घेऊन गेले तिथे. भरलं. घमेलं कसं धरायचं ते मला येतं आता, तूच शिकवलंस. कट्ट्यावर तुझी जागा आहे ना, जिथली फरशी बसून बसून गुळगुळीत झाली आहे, तिच्याखाली ते ओतलं. पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलं, वर एक सुटी लादी ठेवली. मुक्ताला कळलं तर बोलेल मला. बोलू दे. एका घमेल्याने खाडी बुडणार नाही की बिल्डिंग पडणार नाही. मला माझाच ठराव मोडावासा वाटला, मोडला.

आता संध्याकाळ झाली आहे. मी माझ्या जागी बसले आहे. लोक फिरायला निघालेत, आपल्यापाशी रेंगाळतात, आज भांडण नाही म्हणून पुढे जातात. तुझी जागा मोकळी ठेवली आहे, देसाई बसायला आले होते, त्यांना उठवलं.

ये, बस. बघ बरं, पाय टेकतात का? टेकतात ना? मग आता उतरायला तुला माझा हात लागणार नाही, हिरा. तरी मी इथेच बसते, थोडा वेळ.